कामाच्या दिवसभरासाठी पादत्राणे: पायाचे माप घेण्यापासून सोल झिजेपर्यंत

कामावर घालायची पादत्राणे निवडताना बहुतेक स्त्रिया आधी कपड्यांशी जुळणारा रंग पाहतात, मग आकार आणि मग किंमत; स्वतःचा पाय या यादीत अगदी शेवटी येतो. नऊ-दहा तास पायात राहणाऱ्या वस्तूसाठी हा क्रम उलटा असायला हवा. पायाचे माप, कामाच्या दिवसात त्या पायाला कुठून कुठे जावे लागते, पादत्राणाची बांधणी आणि त्यानंतर त्याचे दिसणे, अशा क्रमाने निवड केली तर आरामदायी आणि देखणा असा एकच जोड मिळणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी फार पैसे मोजावे लागतातच असेही नाही, पण नेमके कुठे पाहायचे आणि कुठे दाबून बघायचे, हे माहीत असावे लागते.

एक मत सुरुवातीलाच नोंदवते, कारण पुढचे बरेचसे सल्ले त्यावर उभे आहेत. पायांच्या दुखण्याचा सगळा दोष उंच टाचांना दिला जातो, परंतु माझ्या मते बोटांना आवळणारा अरुंद पुढचा भाग हा त्याहून मोठा अपराधी आहे, आणि तो अगदी सपाट पादत्राणांतही सर्रास आढळतो. अमेरिकेतील पाऊल आणि घोटा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९३ साली ३५६ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्के स्त्रिया आपल्या पावलापेक्षा लहान मापाची पादत्राणे वापरत असल्याचे दिसून आले. आपल्याकडच्या दुकानांत तर रुंदीचा वेगळा पर्याय क्वचितच मिळतो, त्यामुळे ही अडचण आपल्याकडे कमी असण्याचे काही कारण नाही.

पहिली पायरी: पाय नीट मोजणे

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने आणि चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि पादत्राण त्याच पायांना सोसावे लागणार असते. जमिनीवर कोरा कागद ठेवून, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभे राहावे आणि दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा. बसून माप घेऊ नये, कारण उभे राहिल्यावर पाऊल पसरते आणि लांबी व रुंदी दोन्ही वाढतात. पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची बाह्यरेषा काढावी. हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी केले तर उत्तम, कारण स्वतः वाकून रेषा काढताना भार सरकतो आणि माप चुकते.

त्यानंतर टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. अनेकींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, म्हणून अंगठ्यावरच पट्टी थांबवू नये. रुंदी मोजताना चवड्याचा सर्वांत रुंद भाग, म्हणजे अंगठ्याच्या बुडापासून करंगळीच्या बुडापर्यंतचे अंतर घ्यावे. बहुतेकांच्या दोन पावलांत थोडा फरक असतो आणि खरेदी नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने करावी. हा कागद कापून पर्समध्ये ठेवण्यासारखा आहे. त्याचा उपयोग पुढे दुकानात होणार आहे. माप एकदाच घेऊन चालत नाही. वय वाढते तसे पाऊल पसरते, गरोदरपणानंतर ते कायमचे लांब झालेलेही आढळते, आणि तरीही कित्येक जणी लग्नाआधीचा क्रमांक वर्षानुवर्षे सांगत राहतात.

क्रमांकांचा गोंधळ समजून घेतला तर पुष्कळ त्रास वाचतो. आपल्या दुकानांत मुख्यतः ब्रिटिश क्रमांक आणि काही ठिकाणी युरोपीय क्रमांक चालतात. ब्रिटिश पद्धतीत एका क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर असतो, तर युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर असतो. दोन पट्ट्यांच्या खुणाच वेगळ्या असल्यामुळे ‘ब्रिटिश ५ म्हणजे युरोपीय ३८’ हे समीकरण कायम अंदाजेच राहते. पाऊल २४ सेंटिमीटर लांब असेल, तर पुढची मोकळी जागा धरून सुमारे २५.५ सेंटिमीटरचा आतला भाग लागतो आणि त्याला दीडने गुणले की साधारण ३८ हा युरोपीय क्रमांक येतो. स्त्रियांचा अमेरिकन क्रमांक बहुधा ब्रिटिश क्रमांकापेक्षा दोनने अधिक असतो, त्यामुळे अमेरिकेतल्या बहिणीला किंवा मुलीला बूट आणायला सांगताना क्रमांकाऐवजी सेंटिमीटरमधले माप कळवावे.

हे सारे क्रमांक फक्त लांबी सांगतात आणि ते परदेशी पावलांवरून ठरलेले आहेत. ही उणीव दूर करण्यासाठी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली आणि त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली. भारतीयांची पावले परदेशी मापांच्या मानाने रुंद असतात, हा त्या मोजणीचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. रुंदी कमी पडते म्हणून एक क्रमांक मोठा घेण्याची आपल्याकडची सवय त्यातूनच आलेली आहे, पण तो उपाय खरा नव्हे: तसे केल्याने टाच सैल होते, पाऊल पुढे घसरते आणि बोटे पुन्हा त्याच अरुंद टोकात जाऊन अडकतात.

दुसरी पायरी: कामाचा दिवस कागदावर मांडणे

दिवसभरात पाय कुठे कुठे पडतात, हे चार ओळींत लिहून काढावे. डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जाणाऱ्या स्त्रीला रेल्वेचे पूल चढावे-उतरावे लागतात, गर्दीत उभे राहावे लागते आणि कार्यालयात मात्र ती बसून असते. तिच्यासाठी प्रवासाचा एक आणि कार्यालयाच्या खणात ठेवलेला एक, असे दोन जोड सर्वांत सोयीचे ठरतात. पुण्यात दुचाकीवरून जाणारीला प्रत्येक सिग्नलला पाय टेकावा लागतो. तिला मागून बंद आणि सोलला चांगली पकड असलेले पादत्राण हवे, कारण मागे पट्टा नसलेली चप्पल अशा वेळी हमखास निसटते.

शिक्षिका, परिचारिका आणि कापड किंवा दागिन्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या यांचा बहुतेक वेळ उभ्यानेच जातो. त्यांच्यासाठी मऊपणापेक्षा आधार अधिक महत्त्वाचा आहे, कारण फार मऊ तळ काही तासांत दबतो आणि पायाचे स्नायू तोल सांभाळण्यात थकून जातात. मात्र कितीही चांगले बूट घेतले तरी बसण्याची जागा भरून निघत नाही. केरळमध्ये दुकानांतल्या स्त्री-कामगारांनी त्यासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाच्या वेळी बसण्याची सोय देण्याची तरतूद झाली. ज्यांच्या हातात दुकानाची व्यवस्था आहे, त्यांनी विक्रेत्यांसाठी चार स्टुले ठेवावीत, ही विनंती इथे मुद्दाम करते.

आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि घरोघर जाणाऱ्या सर्वेक्षकांची गरज याहून वेगळी असते. त्यांना खूप चालावे लागते आणि प्रत्येक उंबऱ्याशी चप्पल काढावी लागते, त्यामुळे लेसचे बूट त्यांच्या कामाचे नाहीत. मागे पट्टा आणि वर वेल्क्रो असलेली, जाड रबरी सोलची सँडल त्यांना सर्वांत बरी.

तिसरी पायरी: पुढचा भाग पारखणे

बोटांच्या पुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा मोकळी राहायला हवी आणि आतमध्ये पाचही बोटे हलवता यायला हवीत. इथे घरून आणलेला कागद कामी येतो. ज्या बुटाचा आतला तळ निघतो, तो बाहेर काढून कागदावरच्या रेषेवर ठेवावा. रेषा तळाच्या बाहेर गेली, विशेषतः करंगळीच्या बाजूने, तर तो बूट कितीही सुंदर असला तरी परत करावा. तळ निघत नसेल तर बूट कागदावर ठेवून पाहावे. ‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचे आश्वासन काही अंशीच खरे असते: खरे चामडे रुंदीत थोडे पसरते, लांबीत मुळीच वाढत नाही, आणि रेक्झिन तर दोन्हीकडे जवळपास जसेच्या तसे राहते.

दुकानात ज्यांना बेली म्हणतात, त्या सपाट आणि वरून उघड्या बुटांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कार्यालयात त्याच सर्वाधिक दिसतात. पावलाच्या वरच्या बाजूला धरून ठेवणारा पट्टा, लेस किंवा झाप त्यात नसते. पायातून निसटू नये म्हणून असा बूट बोटांना आणि टाचेला आवळूनच बसवावा लागतो, म्हणजे त्याचा दोष आकारात नसून रचनेतच असतो. टाचेवरचे फोड, करंगळीवरचे कुरूप आणि अंगठ्याच्या बुडाशी बाहेर येऊ लागलेले हाड यांचे कारण पुष्कळदा इथे सापडते. तोच बूट वर एक बारीक पट्टा आणि बक्कल असलेला घेतला, तर पाऊल पट्ट्याने धरले जाते आणि पुढचा भाग मोकळा ठेवता येतो. लोफरची, म्हणजे लेस नसलेल्या पण वरून झाकलेल्या बुटाची, झाप हेच काम करते, म्हणून पहिल्या खरेदीसाठी मी बेलीऐवजी लोफर सुचवते.

टोकदार बुटांची आवड असेल तर टोक बोटांच्या पुढे सुरू होते की बोटांवरच, हे पाहावे. चवड्यापर्यंत पूर्ण रुंदी ठेवून त्यापुढे निमुळता होणारा बूट चालतो. बदामाच्या आकाराचे टोक हा त्यातला सर्वांत समाधानकारक मध्यममार्ग आहे. ते गोल टोकापेक्षा नेटके दिसते आणि बोटांना जागाही देते.

चौथी पायरी: टाचेची उंची आणि बैठक

रोजच्या कामासाठी दोन ते चार सेंटिमीटरची टाच बहुतेकींना मानवते. टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार चवड्यावर सरकतो आणि रोज अशी टाच वापरली तर पोटरीचे स्नायू आखडतात. अगदी पातळ, सपाट सोलही निर्धोक नाही. टाच दुखण्याचा त्रास असलेल्यांना तो अधिकच जाचतो.

उंची हवीच असेल तर पुढच्या भागाची जाडी वजा करून उरणारा फरक पाहावा. सहा सेंटिमीटर टाच आणि पुढे दोन सेंटिमीटरचा प्लॅटफॉर्म असेल, तर पावलाला जाणवणारा चढ चार सेंटिमीटरचाच असतो. मात्र प्लॅटफॉर्म फार जाड असला की सोल वाकत नाही आणि घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. टाचेची बैठक रुंद असावी. ब्लॉक हिल (जाड, रुंद टाच) किंवा वेजेस (टाचेपासून पुढपर्यंत सलग उतरत जाणारा जाड सोल) यांत भार पसरतो, तर पेन्सिलीसारखी बारीक टाच गटाराच्या जाळीत आणि पुलाच्या फटींत अडकते. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून बोटाने हलकेच ढकलावा. तो डगमगला तर टाच नीट बसवलेली नाही. चार सेंटिमीटरपेक्षा उंच टाच असलेल्या बुटात पावलाच्या कमानीखाली शँक नावाची कडक पट्टी असायला हवी. बूट मधोमध दाबला असता तिथे खचला, तर ती पट्टी नाही किंवा कमकुवत आहे.

कार्यालयाने उंच टाचेची सक्ती करणे हा निराळाच प्रश्न आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ साली अशा सक्तीला मनाई केली. आपल्याकडे आदरातिथ्य आणि विमानसेवेच्या क्षेत्रांत अजूनही टाचेची अपेक्षा केली जाते, तिथे ब्लॉक हिल आणि वर पट्टा असलेला बंद बूट गणवेशातही शोभतो आणि पाऊलही सांभाळतो.

पाचवी पायरी: सोल आणि वरचे साहित्य

हातात घेतलेला बूट आधी वाकवून पाहावा. तो चवड्याच्या ठिकाणी, म्हणजे बोटे जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर कमानीला आधार नाही आणि कुठेच वाकत नसेल तर चालताना टाच बुटातून वर निघत राहील. मग दोन्ही टोके धरून पिळावा. थोडा पीळ चालेल, पण फडक्यासारखा पिळला जाणारा बूट दिवसभराच्या उपयोगाचा नाही. शेवटी टाचेमागचा कप अंगठा आणि तर्जनीत दाबावा. तो ताठ हवा, मात्र त्याची वरची कड मऊ आणि अस्तर लावलेली हवी, कारण बूट चावतो तो बहुधा त्याच कडेने.

सोलच्या साहित्याचा विचार आपल्या हवेत फार महत्त्वाचा आहे. पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू सोल म्हणतात तो, हलका आणि आरामदायी असतो, पण दमट हवेत त्याचे रासायनिक विघटन होते. मुंबईत किंवा कोकणात दोन-तीन वर्षे खोक्यात जपून ठेवलेला जोड पहिल्याच दिवशी रस्त्यात भुगा होऊन सुटतो, त्याचे कारण हेच. तो बुटाचा उपयोग न केल्यामुळे होणारा नाश आहे, म्हणून असे बूट साठवून न ठेवता नियमित वापरावेत. ईव्हीएचा, म्हणजे हलक्या फोमसारख्या प्लास्टिकचा, सोल दमटपणाने असा विरत नाही, परंतु काही महिन्यांत दबून पातळ होतो. रबर जड असते, मात्र ओल्या फरशीवर त्याची पकड सर्वांत भरवशाची असते. कडक पीव्हीसीचा गुळगुळीत सोल स्वस्त मिळतो आणि पावसाळ्यात घसरवतो. प्रवास, जिने आणि ओल्या फरश्या यांचा विचार करता रबरी तळ आणि त्यावर ईव्हीएचा थर, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते.

वरच्या भागासाठी चामडे, कापड किंवा कृत्रिम साहित्य असे पर्याय असतात. अनेक बुटांच्या आत किंवा तळावर छोटी चिन्हे छापलेली असतात: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड आणि पत्त्यांतल्या चौकटीसारखा साधा आकार म्हणजे इतर साहित्य. कातड्याच्या आकारात तशीच लहान चौकट असेल तर ते चामडे वरून लेप दिलेले असते. कृत्रिम साहित्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही, कारण पावसात ते चामड्यापेक्षा सोयीचे असते. पण त्याची पापडी सुटू लागली की दुरुस्ती होत नाही, आणि आतून घाम कोंडतो. म्हणून वरचा भाग कृत्रिम असला तरी आतले अस्तर आणि तळ कापडाचा किंवा चामड्याचा असावा, एवढा आग्रह धरावा.

दुकानात पाय ठेवताक्षणी ढगावर उभे राहिल्यासारखे वाटायला लावणाऱ्या मेमरी फोमवर जाऊ नये. तो पहिल्या पाच मिनिटांत मन जिंकतो आणि महिन्याभरात चपटा होतो.

सहावी पायरी: दुकानात वेळ देणे

खरेदीला संध्याकाळी जावे आणि जे मोजे कामावर घालणार तेच घालून जावे. दोन्ही पायांत बूट घालावेत, उभे राहावे आणि गालिच्यावर न थांबता फरशीवर चालून पाहावे. शक्य असेल तर दुकानाचा जिना एकदा चढून उतरावा. उतरताना बोटे पुढे आदळत असतील तर माप लहान आहे किंवा वरची पकड सैल आहे. लक्ष्मी रस्त्यावर, दादरला किंवा लिंकिंग रोडवर गर्दीच्या वेळी हे करताना संकोच वाटतो, म्हणून शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलेले बरे.

तयार माप बसतच नसेल तर माप देऊन बूट शिवून घेण्याचा पर्याय आपल्याकडे अजून शिल्लक आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. मुंबईत चेंबूर-कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणे बनवणारे अनेक छोटे कारखाने आहेत आणि बहुतेक शहरांत निदान एक तरी कारागीर मापाने बूट करून देतो. पावले फार रुंद असतील किंवा दोन पावलांत मोठा फरक असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो.

ऑनलाइन खरेदीत क्रमांकाऐवजी सेंटिमीटरचे कोष्टक पाहावे, रुंदीबद्दल इतर ग्राहकांनी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि जोड आल्यावर संध्याकाळी घरातल्या स्वच्छ फरशीवर अर्धा तास चालून मगच लेबल काढावे.

पावसाळ्याची स्वतंत्र तयारी

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी वेगळा जोड लागतोच, यात तडजोड करू नये. प्रवासासाठी मागे पट्टा आणि खाली खाचा असलेली रबरी किंवा ईव्हीएची सँडल घ्यावी, कार्यालयात पोहोचल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खणातले बंद बूट घालावेत. ओले मोजे आणि बंद बूट घालून दिवसभर बसल्याने चिखल्या होतात आणि एकदा झाल्या की पावसाळाभर पिच्छा सोडत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट जखमेची आहे. नवे बूट चावून टाचेवर झालेला फोड घेऊन साचलेल्या पाण्यातून चालणे धोक्याचे असते, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा जखमांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. त्यामुळे नवा जोड पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करू नये, आणि जखम असताना अशा पाण्यातून जावेच लागले तर पाय साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भिजलेले बूट उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नयेत, कारण चामडे तडकते आणि सोलचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत आणि बोळे ओले झाले की बदलावेत.

दिसण्याचा विचार

इथवर आलेल्या जोडांतूनच आता सुंदर जोड निवडायचा आहे, आणि सौंदर्य बहुतांशी प्रमाण, रंग आणि कारागिरी यांत असते. पावलाचा वरचा भाग जितका मोकळा दिसेल तितका पाय लांब भासतो, तर घोट्याभोवतीचा पट्टा ती रेषा मध्येच तोडतो. म्हणून उंची कमी असेल तर पट्टा घोट्यावर न घेता पावलाच्या मध्यावर असलेला बूट निवडावा. काळा, टॅन, गडद निळा आणि वाइन हे चार रंग कामाच्या जवळपास सगळ्या कपड्यांवर जातात. त्वचेच्या छटेला जुळणारा रंग साडीवर आणि गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टवर विशेष शोभतो, मात्र ती छटा स्वतःच्या पावलाशेजारी धरून निवडावी. चकाकणारी बक्कल आणि खडे यांपेक्षा सरळ शिवण, स्वच्छ कडा आणि एकसारखा रंग यांनी जोड अधिक भारदस्त दिसतो.

साडी नेसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. निऱ्यांची उंची पादत्राणे घालूनच ठरवावी लागते, त्यामुळे प्रवासाची सपाट चप्पल आणि कार्यालयातली टाच यांच्या उंचीत दोन सेंटिमीटरहून अधिक फरक ठेवू नये. नाहीतर एका ठिकाणी साडी लोळते किंवा दुसऱ्या ठिकाणी आखूड दिसते. पँटची शिलाई दुमडून घेताना शिंप्याकडेही तोच बूट घालून जावे.

कोल्हापुरी चप्पल कार्यालयात चालते का, या प्रश्नाला माझे उत्तर ठामपणे होकारार्थी आहे. सुती कुर्ता, हातमागाची साडी किंवा लिननची पँट यांवर तिच्याइतके रुबाबदार काही नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ज्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या जिल्ह्यांचा समावेश आहे. अस्सल कोल्हापुरी वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याची असते आणि तिचा तळही चामड्याचाच असतो. रेक्झिनचा पट्टा आणि रबरी तळ असलेली ती नक्कल. सुरुवातीला अंगठ्याचा कडक भाग आणि पट्ट्याची आतली बाजू यांना खोबरेल तेलाचे बोट लावून रोज थोडा वेळ घरात वापरली की ती पावलाचा आकार घेते. पाण्याशी तिचे वैर आहे, म्हणून पावसाळ्यात ती तेलाचा हात देऊन, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. तिचा तळ सपाट आणि कडक असल्याने टाच दुखणाऱ्यांनी मात्र ती दिवसभर घालू नये.

बूट: घोट्यापर्यंतचे आणि त्यावरचे

मुंबईच्या हवेत घोट्यापर्यंतचे चामडी बूट वर्षभर घालणे त्रासाचेच आहे, पण पुणे, नाशिक आणि विदर्भातल्या थंडीत ते सुखद वाटतात आणि सरळ पँटखाली अतिशय नेटके दिसतात. बाजूला इलॅस्टिक असलेला चेल्सी बूट घालायला-काढायला सोपा असतो. घोटे भरदार असतील तर आतल्या बाजूला चेन असलेला घ्यावा. आत लोकरीचे अस्तर नको, पातळ चामड्याचे किंवा कापडाचे पुरे.

लंडन, न्यू जर्सी किंवा टोरंटोला नोकरीनिमित्त राहणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे जाड मोज्यांसाठी अर्धा क्रमांक मोठा घ्यावा, सोलच्या खाचा खोल असाव्यात आणि कार्यालयात घालण्यासाठी वेगळा जोड ठेवावा. बर्फावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग पाणी आणि थोडे व्हिनेगर यांच्या मिश्रणाने त्याच संध्याकाळी पुसावेत, कारण ते राहिले तर चामडे सुकून तडकते. गुडघ्यापर्यंतचे बूट घेताना पोटरीचा सर्वांत रुंद घेर बसलेल्या स्थितीत आणि संध्याकाळी मोजावा.

चाकणसारख्या औद्योगिक भागांत काम करणाऱ्या अभियंत्या आणि कामगार स्त्रियांना सुरक्षा-बूट घालावे लागतात. भारतीय मानक १५२९८ नुसार अशा बुटाच्या पुढच्या टोपीने, म्हणजे बोटांवरच्या कडक आवरणाने, २०० ज्यूलचा (ज्यूल हे ऊर्जेचे माप) आघात सोसला पाहिजे. ही टोपी पसरत नाही, त्यामुळे पुरुषांचा साचा लहान करून बनवलेला बूट स्त्रियांना टाचेत सैल आणि बोटांवर घट्ट होतो. कंपनीकडे स्त्रियांच्या साच्यावर बनवलेल्या बुटाची लेखी मागणी करावी. मोज्यांचे दोन थर घालून वेळ मारून नेऊ नये.

वापर, निगा आणि टाकून देण्याची वेळ

नवा जोड पहिल्या दिवशी पूर्ण वेळ घालू नये. आधी घरात, मग अर्धा दिवस आणि मग पूर्ण दिवस, असा आठवडाभराचा क्रम ठेवावा. एका जागी दाब जाणवत असेल तर चांभाराकडून बूट फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून तेवढाच भाग पसरवून घेता येतो. चामड्यात हे छान होते, रेक्झिनमध्ये जवळपास नाही. एकच जोड रोज न घालता दोन जोड आलटून पालटून वापरले, तर आतला घाम वाळायला पूर्ण दिवस मिळतो आणि दोन्ही जास्त टिकतात.

टाचेखालचे रबर झिजून आतला भाग दिसू लागण्याआधीच ते बदलून घ्यावे, कारण हा खर्च किरकोळ असतो आणि उशीर केला तर टाचच कापावी लागते. महिन्यातून एकदा बूट टेबलावर ठेवून मागून पाहावेत. टाच एकाच बाजूने झिजली असेल, तर चालण्यात काही दोष आहे का हे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांत टाच दुखणे, बोटांत बधिरपणा येणे किंवा अंगठ्याचे हाड वाढत जाणे, यांसाठीही दुकानातले आतले तळ विकत घेत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांना पायाला झालेली जखम पुष्कळदा जाणवतच नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा सुटलेली शिवण नाही याची खात्री करून घ्यावी.

वरून नवा दिसणारा बूटही आतून संपलेला असू शकतो. अंगठ्याने तळ दाबून पाहावा. दाबला तरी खाली जात नसेल किंवा दाबलेला पुन्हा वर येत नसेल, तर त्यातली उशी गेली आहे. सोलच्या बाजूला बारीक उभ्या भेगा दिसल्या, कडेला नख लावले असता चिकट भुगा हाताला लागला किंवा टाचेमागचा कप मऊ पडून आत वळला, तर तो जोड प्रवासाच्या दिवशी घालू नये आणि दुरुस्तीवरही पैसे घालवू नयेत.